हरलेल्यानं करायचा फोन

मी मूळची धारची. धारला राज्य एकच होतं आणि राजाही एकच, त्यामुळे आम्ही धारची माणसं जरा सरळ असतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. देवासला सून होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला ओट्यावर नेऊन समोरचा रस्ता दाखवला. म्हणाल्या, "हा रस्ता ध्यानात ठेव. अलीकडे आपण, थोरली पाती. पलीकडे धाकटी." संस्थानं विलीन होऊन तेव्हाच कितीतरी वर्षं लोटली होती. या एवढ्याशा गावात कधीकाळी एकाच घराण्याच्या दोन शाखांचे दोन राजे, दोन दरबार आणि दोन कचेऱ्या होत्या, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण राजे गेले तरी पाती गेली नव्हती. कोणाकडे चहाला बसायचं आणि कोणाकडे नुसतं हळदीकुंकू घेऊन परतायचं, ते या रस्त्यावरून ठरायचं. आमच्या टेकडीवर देवीसुद्धा दोन आहेत, मोठी माता आणि धाकटी माता. एकावर समाधान मानायची देवासला सवयच नाही.

मी सरकारी शाळेत राज्यशास्त्र शिकवत असे, अर्थात हिंदीतून. पुस्तकाच्या शेवटी शेवटी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा धडा असायचा आणि मुलं त्याला फार घाबरायची. लग्नाआधी माझी पहिली नेमणूक धार जिल्ह्यातल्या सरदारपूरला होती. तिथे एका मुलानं विचारलं, "मॅडम, वोटिंग मंगलवार को ही क्यों?" मी सांगितलं, जुन्या काळी तिकडचे शेतकरी घोडागाडीनं तालुक्याच्या गावी मतदानाला जायचे. रविवार देवाचा, बुधवार बाजाराचा, जायला एक दिवस लागायचा, म्हणून मंगळवार. "अच्छा, हाट के चक्कर में!" सगळा वर्ग एकदम बोलला आणि विषय संपला. हाटासाठी सगळ्या देशाची निवडणूक मागेपुढे करावी लागते, यात सरदारपूरच्या मुलांना काही वावगं वाटलं नाही.

देवासला बदली झाल्यावर तर माझं काम फारच सोपं झालं. अमेरिकेत पक्ष म्हणाल तर पुष्कळ आहेत, पण खरे दोनच. एकाची खूण गाढव, दुसऱ्याची हत्ती. मी दोन्ही पक्षांची नावं फळ्यावर नीट लिहून द्यायचे, तरी मुलांच्या डोक्यात जनावरंच राहायची. शेवटी मीही गाढववाले आणि हत्तीवाले असंच म्हणू लागले. "तिसरा क्यों नहीं जीतता?" असं कोणी विचारलं, की मी म्हणायचे, घरी जाऊन आजीला विचारा, तिसरी पाती का नाही. मराठी घरातली मुलं हसायची आणि बाकीच्यांना मधल्या सुट्टीत समजावून सांगायची.

हे सगळं निवृत्तीबरोबर संपलं असं वाटलं होतं. पण जाऊबाईंच्या लेकीला, म्हणजे माझ्या पुतणीला, अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं आणि तो धडा पुन्हा घरात आला. ती पेनसिल्व्हेनियात राहते. त्या वर्षी ती पहिल्यांदा मत देणार होती. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर ती सांगत होती, की इथे मतदार म्हणून नाव नोंदवताना आपला पक्ष कोणता तेही लिहून देता येतं. कारण मुख्य निवडणुकीच्या आधी प्रत्येक पक्षाचा उमेदवार कोण असावा, याचंच मतदान होतं आणि तिच्या राज्यात ते मत त्या त्या पक्षाच्या लोकांनाच देता येतं.

जाऊबाई ऐकत होत्या. त्या माझ्याहून मोठ्या, उंच, ताठ, आणि पटकन रागावणाऱ्या. म्हणाल्या, "लिहायचं काय त्यात? जावईबापू ज्या पक्षाचे, त्याच पक्षाची तू. लग्न झालं की सासरची पाती ती आपली."

"अगं आई, त्यानं वेगळा पक्ष लिहिलाय."

जाऊबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "विचार हिला, दोघांचं काही बिनसलंय का." पुतणीला ते ऐकू गेलं. ती इतकी हसली की फोन तिच्या हातून पडला आणि आम्हाला बराच वेळ तिचं छत दिसत राहिलं.

आता आमच्या मंडळाविषयी सांगायला हवं. गावात मराठी मंडळ आहे, मंडळाचा एक हॉल आहे आणि दर वर्षी तिथे गणपती बसतो. दिवाळीनंतरच्या बैठकीत नवा अध्यक्ष निवडतात. जुन्या लोकांनी मंडळ काढलं तेव्हा थोरल्या पातीची घरं जास्त होती. धाकट्यांना भीती, की डोकी मोजली तर आपण कायमचे हरणार. म्हणून असं ठरलं, की गावातल्या सात मोहल्ल्यांनी आपापला एक पंच द्यायचा. मोहल्ल्यात ज्याच्या बाजूनं जास्त हात वर होतील, त्याच्या नावाला पंचानं पाठिंबा द्यायचा. सातांत ज्याचे चार, तो अध्यक्ष. मोहल्ला मोठा असो की लहान, पंच एकच.

मी हे ऐकलं तेव्हा नवी सून असूनही मोठ्यानं हसले होते. अमेरिकेचा सगळा धडा इथे चालू होता! तिथेही लहान राज्यांना मोठ्यांची भीती, म्हणून देशभरची डोकी एकत्र न मोजता राज्यवार प्रतिनिधी मोजतात. एकंदर पाचशे अडतीस, जिंकायला दोनशे सत्तर. दोन राज्यं सोडली तर बाकी सगळीकडे, राज्य थोडक्यानं जिंका की भरघोस मतांनी, तिथले सगळे प्रतिनिधी तुमचे. त्यामुळे कधी कधी असं होतं, की ज्याला देशात मतं जास्त, तोच हरतो. तिथे मोठ्या राज्याला प्रतिनिधी जास्त एवढं सोडलं तर फरक इतकाच, की अमेरिकेत हरलेला माणूस जिंकलेल्याला फोन करून अभिनंदन करतो, आणि आमच्यात हरलेला वेगळा गणपती बसवतो. अशा रीतीनं देवासात मराठी माणसं घटत गेली आणि गणपती वाढत गेले.

त्या वर्षी जाऊबाई अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. मानासाठी नाही. दर रविवारी सकाळी त्या हॉलमध्ये मुलांना मराठी वाचायला शिकवतात, तो वर्ग वाचवण्यासाठी. आमची मुलं हिंदी शाळांत जातात. लिपी तीच, म्हणून वाटतं की त्यांना मराठी वाचता येत असेल, पण चार ओळी वाचताना त्यांची दमछाक होते. "आजी, मला भूक लग रही आहे," असं बोलणारी ही मुलं. त्यांना जाऊबाई समोर बसवून एकेक ओळ वाचून घेतात, रागावतात आणि मग चिवडा देतात. रस्त्यापलीकडे आमच्या समोरच राहणारे भाऊसाहेब, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकानदार, धाकट्या पातीचे, हेही उभे होते. त्यांचं म्हणणं, हॉलचं छप्पर गळतंय, तेव्हा रविवारी हॉल कोचिंग क्लासला भाड्यानं द्यावा. म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, पावसाळ्यात आम्हीच बादल्या मांडून बसायचो. पण ते निवडून आले की जाऊबाईंचा वर्ग गेला, हे लख्ख दिसत होतं.

आधी थोरल्या पातीतच दोन नावं निघाली, जाऊबाई आणि एक निवृत्त इंजिनिअर. मला चेव चढला. म्हटलं, अमेरिकेत काही ठिकाणी एका पक्षाची माणसं शाळेच्या हॉलमध्ये जमतात आणि ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहतात, आपणही तसं करू. आमच्या अंगणात माणसं जमली. जाऊबाईंकडचे तुळशीपाशी, इंजिनिअरांकडचे नळापाशी, असं मी जाहीर केलं. ऑक्टोबरचं ऊन होतं आणि सावली नेमकी नळापाशी होती. बघते तर जाऊबाईंचे यजमान, माझे थोरले दीर, नळापाशी उभे!

"अहो, तुम्ही तिकडे?" जाऊबाई ओरडल्या.

"मला ऊन सोसत नाही. मनानं मी तुळशीपाशीच आहे," दीर म्हणाले.

मोजणी पुन्हा संध्याकाळी घ्यावी लागली. तेव्हा जाऊबाई सहज निवडून आल्या, पण दोन दिवस त्या दिरांशी धड बोलल्या नाहीत. लेकीनं फोनवर ते ऐकलं आणि म्हणाली, "काकू, आता आईला कळेल, माझ्या घरी कसं चालतं ते."

मग प्रचार. सहा मोहल्ल्यांचं साधारण ठरलेलं होतं, तीन इकडे, तीन तिकडे. सातवी नोटांच्या कारखान्याजवळची कॉलनी. तिथली माणसं नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेली, त्यांना पातीशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे दोन्ही उमेदवार रोज तिथेच. जाऊबाई अनारसे घेऊन जायच्या, तर भाऊसाहेब रतलामी शेव. पुतणी म्हणायची, तिच्या राज्याचं तेच झालंय. कोणाचंच पक्कं नाही म्हणून दोन्ही पक्षांची माणसं दार वाजवून वाजवून जीव नकोसा करतात. "शेव तरी देतात का?" जाऊबाईंनी विचारलं. कॉलनीतल्या बायकांचं मात्र त्या महिन्यात फार बरं चाललं होतं. जाऊबाई टेकडीवर जाऊन दोन्ही मातांना नारळ वाहून आल्या, एकीला राग यायला नको म्हणून.

अमेरिकेचा निकाल आमच्या बैठकीच्या आधी लागला. आपल्याकडे सकाळ होती. जाऊबाई चहा घेऊन टीव्हीसमोर बसल्या, नकाशावर एकेक राज्य रंगत होतं आणि मी जुन्या सवयीनं समजावत होते. पुतणीनं कोणाला मत दिलं ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि आम्हीही खोदून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बातमी आली, की हरलेल्या उमेदवाराकडून जिंकलेल्याला फोन गेला.

"हे करावंच लागतं का? कुठे लिहिलंय?" जाऊबाईंनी विचारलं.

"कुठेच नाही. नुसती रीत आहे."

"हं," म्हणून त्या कप विसळायला उठल्या.

रविवारी आमची बैठक झाली. एकेका मोहल्ल्याचे हात वर झाले, पंचांनी नावं सांगितली. तीन मोहल्ले जाऊबाईंचे, तीन भाऊसाहेबांचे. कॉलनीत जाऊबाई अगदी थोडक्यानं मागे पडल्या. चौथा पंच तिकडे गेला. तेवढ्यात मावळत्या अध्यक्षांनी नारळ फोडलादेखील. मी मात्र मास्तरीण. सगळे हात मनातल्या मनात मिळवत बसले होते. आमच्या मोहल्ल्यात झाडून सगळ्यांचे हात जाऊबाईंसाठी वर झाले होते, तिकडच्या मोहल्ल्यांत जेमतेम अर्ध्यावर थोडे भाऊसाहेबांसाठी. बेरीज जाऊबाईंची जास्त होत होती. ती मी शेजारच्या बाईला सांगितली, आणि बाहेर पडेपर्यंत सगळ्या थोरल्या पातीला पाठ झाली.

मग काय विचारता! ओट्यावर ही गर्दी. "ये तो सरासर बेइमानी है!" "जास्त लोक आपले आणि अध्यक्ष त्यांचा?" आणि मग कोणीतरी ते वाक्य बोललंच, "वेगळा गणपती बसवायचा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्गणी, जागा, मूर्ती, सगळं तिथल्या तिथे ठरायला लागलं. मला धडकी भरली. गणपती वेगळा झाला असता तर मुलंही वेगळी झाली असती, निम्मी इकडे, निम्मी तिकडे. आधीच ती मूठभर. मग कसला वर्ग आणि कसलं मराठी?

माणसं पांगल्यावर जाऊबाई ओट्यावरच बसून राहिल्या. मांडीवर हॉलची चावी. रविवारी दार उघडायचं म्हणून ती त्यांच्याकडेच असायची. म्हणाल्या, "तू आयुष्यभर हेच शिकवलंस. सांग, मला हात जास्त मिळाले की नाही?"

"मिळाले."

"मग मी हरले कशी?"

"नियमानं," मी म्हटलं. हा शब्द मी वर्गात किती सहज बोलत आले होते! मुलं तो वहीत लिहून घ्यायची आणि घंटा व्हायची. त्या दिवशी तो बोलताना मी त्यांच्या मांडीवरच्या चावीकडे बघत होते. "नियम आपल्याला आधीपासून माहीत होता, जाऊबाई. कॉलनीत अनारसे कशाला नेत होतो मग?"

"तू कोणाची आहेस गं?"

"तुमची. म्हणून तर सांगतेय."

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. टेकडीच्या पायथ्याकडून येणारी संध्याकाळची गर्दी, बसमधून उतरलेली इंदूरहून परतणारी माणसं, ऑटोवाले. मग म्हणाल्या, "तो फोन. कुठेच लिहिलेला नाही म्हणालीस. मग न करून चालत असेल."

"एकदा नव्हता केला. मग हरलेल्याची माणसं तिथल्या संसदेत घुसली, ते आपण टीव्हीवर पाहिलंय."

त्यांनी मान हलवली. आत गेल्या, चांगली साडी नेसून बाहेर आल्या. मी त्यांचा मोबाइल पुढे केला, तर म्हणाल्या, "फोन कसला करायचाय? घर समोर तर आहे." आणि चावी मुठीत धरून ओट्याच्या पायऱ्या उतरल्या.

त्याच वेळी पलीकडचं दार उघडलं आणि पेढ्यांचा डबा घेऊन भाऊसाहेब बाहेर आले. दोघंही रस्त्यात उतरले आणि अगदी मधोमध समोरासमोर आले. मी ओट्यावर उभी होते. तिथून मला सगळं ऐकू येत होतं.

"अभिनंदन," जाऊबाई म्हणाल्या आणि चावी पुढे केली. "ही हॉलची. कुलूप जुनं आहे, जरा दाबून फिरवावं लागतं."

भाऊसाहेबांनी चावी घेतलीच नाही. "अरे वहिनी, मी तर तुमच्याकडेच निघालो होतो. सगळे बोल रहे हैं, तुम्ही वेगळा गणपती बसवणार. तसं करू नका. मी हात जोडतो."

"कोण म्हणतं मी बसवणार?"

हे कोण म्हणत होतं ते त्या रस्त्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"छप्पर गळतंय वहिनी, कोचिंगवाल्याला हॉल तर द्यावाच लागेल. मी तसं बोललोय लोकांना. पण दुपारी घे म्हणतो त्याला. सकाळ तुमच्या मुलांची."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तो दूसरा देखेंगे! माझी नात तुमच्याच वर्गात येते ना. घरी माझं मराठी सुधारत असते. चावी असू द्या तुमच्याकडे."

जाऊबाईंनी पदराचं टोक डोळ्यांशी नेलं, ते मला पाठीमागूनही कळलं. माझेही डोळे भरून आले होते, आणि ते पुसायचं मला सुचलं नाही. एव्हाना रस्ता तुंबला होता. एक ऑटोवाला डोकं बाहेर काढून ओरडला, "भिया, अम्माजी, पंचायत घर में बिठाओ ना! सवारी बैठी है!"

दोघंही गडबडले. क्षणभर भाऊसाहेब आमच्या ओट्याकडे वळले. पण जाऊबाईंनी विचारलं, "तुमच्याकडे चहा मिळेल का हो?" आणि उत्तराची वाट न बघता पलीकडची पायरी चढल्या. आत भाऊसाहेबांच्या बायकोची धांदल उडालेली ऐकू येत होती. चांगल्या कपबशा शोधल्या जात होत्या.

"साखर कमी घाला," जाऊबाईंचा आवाज आला. आणि मग त्या पुन्हा दारात आल्या आणि मला हाक मारली, "तू काय तिथे उभी राहिलीस? ये ना. तुझ्याही चहाचं सांगितलंय."

मी तशीच, चप्पल न घालता, रस्ता ओलांडला.